सीनिक रिव्हरची पाटी वेगळी आणि काठावरच्या झाडांचा कागद वेगळा

नदीला "सीनिक रिव्हर" हा सरकारी संरक्षणाचा दर्जा मिळाला म्हणजे काठावरचं जंगल सेफ झालं, असं मी पण कित्येक वर्षं समजत होतो. आम्ही अमेरिकेत ओहायोत राहतो, लिटल मायामी नदी जवळच आहे, उन्हाळ्यात कयाक घेऊन जातो आणि पुलाजवळची ती पाटी दिसली की बरं वाटायचं. मग एका वर्षी आमच्या नेहमीच्या वळणावरचे जुने सायकामोर गायब, पार पाण्यापर्यंत लॉन केलेलं, चौकशी केली तर कळलं की जमीन प्रायव्हेट आहे, मालकाने झाडं काढली आणि कुठलाही नियम मोडलेला नाही. फार वाईट वाटलं. तेव्हापासून हा विषय नीट समजून घेतला, कारण दोन वेगळ्या गोष्टी आपण एकच धरून चालतो: एक म्हणजे नदीला मिळणारा दर्जा आणि दुसरी म्हणजे जमिनीवर चढणारं काँझर्वेशन इझमेंट, म्हणजे जमीन राखण्यासाठी मालकाने केलेला करार.

आधी दर्जा. वाइल्ड अँड सीनिक रिव्हर्स ॲक्ट 2 ऑक्टोबर 1968 ला प्रेसिडेंट जॉन्सननी सही करून आणला. त्यात वाइल्ड, सीनिक आणि रिक्रिएशनल असे तीन प्रकार आहेत, आणि सीनिक म्हणजे "दिसायला सुंदर" असं नाही बरं का, काठ बऱ्यापैकी मूळ अवस्थेत आहेत पण रस्त्याने काही ठिकाणी पोचता येतं, असा त्याचा अर्थ. या कायद्याची खरी ताकद धरणांच्या बाबतीत आहे. दर्जा मिळालेल्या पट्ट्यावर जलविद्युत धरणाला फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, लायसन्स मिळत नाही, आणि नदीचं नुकसान करेल अशा पाण्यातल्या प्रोजेक्टला फेडरल खात्यांना हातभार लावता येत नाही. ही छोटी गोष्ट नाही, त्या काळात धरणं धडाधड बांधली जात होती.

पण प्रायव्हेट जमिनीवर कुठलं झाड ठेवायचं हे फेडरल सरकार या कायद्याने ठरवू शकत नाही, तसं झोनिंग, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय करता येईल हे ठरवायचा अधिकारच त्यांना नाही. लिटल मायामीचं तर अजून वेगळं आहे. ती 1969 ला राज्याची सीनिक नदी झाली, मग गव्हर्नरच्या अर्जावरून 1973 ला वरचा भाग आणि 1980 ला खालचा भाग राष्ट्रीय यादीत गेला, आणि अशा अर्जावरून आलेल्या नद्यांची व्यवस्था राज्याने बघायची असते, केंद्र तिथे या कायद्याखाली जमीन विकत घेत नाही. म्हणजे काठ ज्याच्या नावावर, झाडं त्याची.

आता इझमेंट. हे आपल्याकडच्या लोकांना सांगायचं तर मी सातबाऱ्याचं उदाहरण देतो: इतर हक्कात बोजा चढला की जमीन कोणीही घेवो, बोजा जमिनीबरोबर जातो, तसंच हे. फरक इतकाच की कर्ज फिटलं की बोजा उतरतो, आणि हे सहसा कायमचं असतं. मालक स्वतःच्या मर्जीने लँड ट्रस्टबरोबर (जमिनी राखणारी बिनसरकारी संस्था) किंवा सरकारी संस्थेबरोबर करार करतो की पाण्यापासून इतक्या फुटांत झाडं तोडणार नाही, बांधकाम करणार नाही, प्लॉट पाडणार नाही. जमीन त्याचीच राहते, विकता येते, मुलांना देता येते, आणि सोडलेला हक्क पैसे न घेता दान केला असेल तर नियमात बसल्यास टॅक्समध्ये सूट पण मिळते. ट्रस्टची माणसं साधारण वर्षातून एकदा येऊन बघून जातात.

यात पण भोकं आहेत. शेतजमीन वाचवण्यासाठी केलेल्या इझमेंटमध्ये काठावरच्या झाडांचा पट्टा वेगळा लिहून घेतला नाही तर शेत वाचेल पण झाडं वाचतीलच असं नाही, म्हणून करारातली भाषा वाचायलाच हवी. शिवाय एका मालकाने केलं आणि शेजारच्याने नाही केलं की ठिगळं ठिगळं होतात. आणि वरच्या अंगाला धरण आलं तर एका प्लॉटचा कागद काय करणार, तिथे दर्जाच लागतो.

झाडांसाठी एवढा जीव का टाकायचा? कारण सावली गेली की पाणी तापतं, मुळं गेली की काठ ढासळतो आणि गाळ शिंपल्यांवर बसतो, शेतातलं खत गाळणारा पट्टा जातो, आणि पानगळ हेच पाण्यातल्या किड्यांचं खाणं असतं, ते संपलं की माशांचं पण संपलं. ओहायोतल्याच कोलंबस शहराजवळच्या बिग डार्बी क्रीक या छोट्या नदीमध्येच सापडलेला सायोटो मॅडटॉम नावाचा छोटा मासा 1957 नंतर कोणाला दिसला नाही, 2023 ला तो नामशेष म्हणून जाहीर झाला. त्या क्रीकला राष्ट्रीय दर्जा 1994 चा, म्हणजे मासा शेवटचा दिसल्यानंतर 37 वर्षांनी.

कुठल्या प्लॉटवर इझमेंट आहे हे काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे जमिनीचे कागद नोंदवणाऱ्या स्थानिक ऑफिसात, बघता येतं, रेकॉर्ड सगळ्यांना खुलं असतं. तुमच्या ओळखीत कोणाची नदीकाठी जमीन असेल तर ती विकायला काढायच्या आधी त्यांच्याशी बोला. यलो स्प्रिंग्जचा टेकम्सी लँड ट्रस्ट आमच्या भागात हेच काम करतो. एकदा जमीन विकली गेली की नवीन मालकाशी पहिल्यापासून बोलणी सुरू, आणि तोपर्यंत करवत चाललेली असते.