येरवड्यातून लवकर सुटका: साथीच्या काळातले नियम आणि आज उपयोगी पडणारे अर्ज, कागद

“ताई, यादीत नाव आलं का त्याचं?” २०२० च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या साथीत, हडपसर, जनता वसाहत, पिंपरीहून येणारा प्रत्येक फोन या वाक्याने सुरू व्हायचा. कारागृहातल्या मुलाखती (कैद्यांच्या भेटी) बंद होत्या, रस्तोरस्ती नाकाबंदी होती, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होतं की सरकार सगळ्या कैद्यांना सोडतंय. मी तेव्हा विधी स्वयंसेवक म्हणून काम करत होते. फोनवर पुन्हा पुन्हा एकच सांगावं लागायचं: कारागृहात याद्या होतात, पण यादीत नाव आलं म्हणजे सुटका झाली असं नाही. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, प्रत्येकाचा आदेश वेगळा. अर्जच केला नाही म्हणून आत राहिलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

तेव्हा नेमकं काय झालं होतं

२३ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमायला सांगितलं. राज्य विधी सेवेचे अध्यक्ष, गृह किंवा कारागृह विभागाचे प्रधान सचिव आणि कारागृह महासंचालक अशी तिची रचना. कोणत्या बंद्यांना (कैद्यांना) तात्पुरतं सोडायचं हे या समितीने ठरवायचं होतं. महाराष्ट्राच्या समितीने आधी सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांतल्या बंद्यांचा विचार केला. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात साथ शिरली आणि ११ मे रोजी समितीने कक्षा वाढवली. तेव्हा राज्यातल्या सुमारे ३५ हजार बंद्यांपैकी जवळपास निम्मे बाहेर पाठवायचं ठरलं होतं. इकडे येरवड्यात नव्याने येणाऱ्यांसाठी एका वसतिगृहातच तात्पुरतं कारागृह उघडलं गेलं.

शिक्षा झालेल्यांसाठी ८ मे २०२० रोजी राज्याने फर्लो-पॅरोलच्या, म्हणजे कैद्यांच्या रजेच्या, १९५९ च्या नियमांत दुरुस्ती केली. कमाल शिक्षा सात वर्षं किंवा त्याहून कमी असेल तर अर्जावर कारागृह अधीक्षकांनीच ४५ दिवसांची आकस्मिक अभिवचन रजा (पॅरोल) द्यायची, आणि साथरोग कायद्याची अधिसूचना लागू आहे तोवर ती तीस-तीस दिवसांनी वाढत जायची. शिक्षा सात वर्षांहून जास्त असेल तर मागच्या दोन सुट्यांवरून बंदी वेळेत परत आला होता का, हे पाहिलं जायचं. बाहेर असताना दर तीस दिवसांनी जवळच्या पोलीस ठाण्यात हजेरी. मोक्का (संघटित गुन्हेगारी), यूएपीए (दहशतवाद), पीएमएलए (काळ्या पैशाची फिरवाफिरवी), एनडीपीएस (अमली पदार्थ), एमपीआयडी (ठेवीदारांची फसवणूक) असे विशेष कायदे, मोठे आर्थिक व बँक घोटाळे, परदेशी नागरिक आणि महाराष्ट्राबाहेर घर असलेले बंदी यातून वगळले होते. शेवटची अट मला तेव्हाही खटकली आणि आजही खटकते. बिहारहून चाकणला कामाला आलेल्या पोराला विषाणू काही कमी लागत नाही.

ही सवलत आता संपली आहे. २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने साथीमुळे सुटलेल्या सगळ्यांना पंधरा दिवसांत हजर व्हायला सांगितलं. तेव्हा आज कुणी “कोविड पॅरोल करून देतो” म्हणत पैसे मागत असेल, तर एक रुपयाही देऊ नका. पण आजारी, म्हातारी किंवा वर्षानुवर्षं सुनावणी न झालेली माणसं आजही आत आहेत, आणि त्यांच्यासाठी कायद्यात कायमच्या वाटा आहेत. उद्या पुन्हा साथ आली तरी हेच कागद लागणार.

आधी ठरवा: कच्चा कैदी की शिक्षा झालेला

घरच्यांची सगळ्यात जास्त धावपळ इथेच वाया जाते. खटला चालू असेल तर बंदी न्यायाधीन, म्हणजे बोलीतला कच्चा कैदी. त्याला पॅरोल नसतो, त्याचा रस्ता जामिनाचा आणि तो न्यायालयातून जातो. शिक्षा लागली असेल तर रजेचा अर्ज कारागृह अधीक्षकांमार्फत जातो. अपील प्रलंबित असेल तर अपिलाच्या न्यायालयात शिक्षा स्थगित करून जामीन मागता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम ४३० त्यासाठी आहे. पुण्याच्या प्रकरणांसाठी उच्च न्यायालय म्हणजे मुंबईच.

कच्च्या कैद्यासाठी याच संहितेतली दोन कलमं घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावीत इतकी कामाची आहेत. पहिलं ४८०. गुन्हा गंभीर असला तरी आरोपी स्त्री, बालक, आजारी किंवा अशक्त असेल तर जामीन देण्याची मुभा त्यात न्यायालयाला आहे. दुसरं ४७९, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या ४३६-अच्या जागी आलेलं. गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला असेल, आणि आयुष्यात पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ गेला असेल, तर जामिनाचा हक्क तयार होतो. समजा कलमाची कमाल शिक्षा सात वर्षं आहे: पहिल्यांदाच अडकलेल्याला दोन वर्षं चार महिने, इतरांना साडेतीन वर्षं. फाशी किंवा जन्मठेप असलेल्या गुन्ह्याला हे लागू नाही, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तर अडतं. तारखा आरोपीनेच लांबवल्या असतील तर तो काळ वजा होतो. काळ भरला की न्यायालयाला लेखी कळवायची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हे कलम जुन्या, आधीपासूनच्या खटल्यांनाही लागू होतं. तरी आपण मोजलेले दिवस आपल्या वहीत असू द्यावेत.

आजाराचे कागद

एक आई माझ्याकडे चितळ्यांच्या पिशवीत मुलाचे कागद घेऊन यायची. केसपेपर, इंजेक्शनची रिकामी खोकी, रक्ताचे रिपोर्ट, सगळं एकत्र कोंबलेलं. मुलाला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागायचं. पहिल्या अर्जाला जोडलेल्या दाखल्यावर एवढीच ओळ होती: “रुग्णास मूत्रपिंडाचा आजार आहे.” अर्ज नामंजूर झाला. मग आम्ही तिच्या स्वयंपाकघरात फरशीवर बसून कागद तारखेनुसार लावले, रंग उडत चाललेल्या रिपोर्टांच्या झेरॉक्स काढल्या, डायलिसिसच्या दिवसांचा तक्ता केला आणि आत असताना कोणते दिवस चुकले ते त्यावर लाल पेनाने दाखवलं. दुसऱ्या अर्जाच्या वेळी न्यायालयाने कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून अहवाल मागवला आणि अंतरिम (तात्पुरता) जामीन मिळाला. आजार दोन्ही वेळा तोच होता.

म्हणून डॉक्टरांकडून चार गोष्टी लिहून घ्या: आजाराचं नाव आणि तो कोणत्या टप्प्यावर आहे, कोणते उपचार किती वेळा लागतात, ते चुकले तर काय होईल, आणि पुढची तपासणी कधी. बंद्याला ससून रुग्णालयात नेलं असेल तर तिथल्या केसपेपरचा नंबर अर्जात टाका. अटकेआधीचे कागद फार महत्त्वाचे असतात, कारण आजार आत गेल्यावर सुचलेला नाही हे त्यावरून दिसतं. कारागृहातल्या वैद्यकीय नोंदी आपल्याला मिळत नसतील तर त्या मागवून घेण्याची विनंती अर्जातच करावी.

बाकीचे कागद

एफआयआरची प्रत, गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणं, खटल्याचा क्रमांक, अटकेची तारीख, आणि बंद्याने आतून सही केलेला वकालतनामा (वकील नेमल्याचा कागद). शिक्षा झाली असेल तर निकालपत्र आणि किती शिक्षा भोगून झाली याचा कारागृहाचा दाखला. जामीनदाराचं आधार, रेशनकार्ड, फोटो, आणि ऐपत दाखवायला सातबारा, घरपट्टीची पावती किंवा पगारपत्रक. काही ठिकाणी तहसीलचं ऐपतदारी प्रमाणपत्र मागतात.

पण खरी अडचण येते पत्त्याची. टाळेबंदीत भाडं थकलं म्हणून एका कुटुंबाने दोन गल्ल्या सोडून दुसरी खोली घेतली. रजेच्या चौकशीला गेलेल्या हवालदाराने जुन्या दारावर विचारलं आणि अहवालात लिहिलं, सदर पत्त्यावर राहत नाहीत. तीन आठवडे गेले. घर बदललं की त्याच आठवड्यात कारागृहाला, वकिलाला आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवा, पोच घ्या, आणि नव्या घरमालकाचा भाडेकरार किंवा साधं पत्र जवळ ठेवा. मोबाईल नंबर बदलला तरीही कळवा.

जामीन झाला पण पैसे नाहीत, असं असेल तर हताश होऊ नका. ३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांप्रमाणे आदेशानंतर सात दिवसांत बंदी सुटला नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय अट शिथिल करू शकतं. फक्त जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर सोडा, अशी विनंती करता येते. केंद्राच्या २०२३ च्या गरीब बंदी सहाय्य योजनेत जामिनासाठी ४० हजार आणि दंडासाठी २५ हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद झाली. निर्णय जिल्हा समिती घेते, सगळ्या गुन्ह्यांना ती मिळत नाही.

शिक्षा झालेल्यांची रजा आणि मुदतपूर्व सुटका

संचित रजा म्हणजे फर्लो, अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. फर्लोला विशेष कारण लागत नाही आणि ते दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोल आई-वडील, जोडीदार, मुलं यांचा गंभीर आजार, बाळंतपण, घर पडणं अशा कारणांसाठी. त्याचे दिवस शिक्षेत धरत नाहीत. कोविडच्या रजेचंही तसंच झालं, आणि दोन वर्षं घरी राहिलेल्यांना परत गेल्यावर हे कळून मोठा धक्का बसला. मरणासन्न किंवा अतिवृद्ध बंद्याची उरलेली शिक्षा माफ करण्याचा अधिकार सरकारला त्याच संहितेच्या कलम ४७३ खाली आहे. त्यासाठी शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत मागवता येतं. जन्मठेपेच्या बऱ्याच प्रकरणांत कलम ४७५ मुळे चौदा वर्षं प्रत्यक्ष भोगावी लागतात. राज्यपालांचा राज्यघटनेच्या अनुच्छेद १६१ खालचा अधिकार मात्र त्यापलीकडचा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मुदतपूर्व सुटकेच्या धोरणात बसणाऱ्या बंद्याचा विचार सरकारने त्याच्या अर्जाची वाट न पाहता करायला हवा.

वकील परवडत नसेल तर

कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ हेच सांगतं. शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोनवर १५१००. आतल्या माणसाला मुलाखतीत सांगा की कारागृहातल्या विधी सहाय्य केंद्रात आपलं नाव लिहून घे. बाहेरून आपण कितीही धावलो तरी सही त्याचीच लागते.

परत जायचा दिवस आदल्या रात्री आठवायचा नसतो. हजर व्हायची तारीख उलटली की गुन्हा दाखल होऊ शकतो आणि पुढची रजा अडते. आजारपणामुळे जाता येत नसेल तर मुदत संपायच्या आधी वाढीचा अर्ज, नव्या तारखेच्या दाखल्यासह. आणि गेटवर हजर झाल्यावर नोंद झाल्याचा कागद घरच्यांनी मागून घ्यावा, आजाराच्या कागदांबरोबर त्याच पिशवीत ठेवावा.