गर्भाशयमुख कर्करोग : शस्त्रक्रियेनंतरचे दीर्घकालीन जगणे

गर्भाशयमुखाचा कर्करोग शस्त्रक्रियेने पूर्ण बरा होऊ शकतो, पण तो वेळेत सापडला तरच. गाठ साधारण ४ सेंटिमीटरच्या आत आणि गर्भाशयमुखापुरतीच असेल, तेव्हा प्रामुख्याने शस्त्रक्रिया करतात. रोग त्यापुढे गेला की शेक म्हणजे किरणोपचार आणि केमोथेरपी हाच मुख्य उपचार.

शस्त्रक्रियेनंतर येणाऱ्या पॅथॉलॉजी रिपोर्टातली सर्वांत वजनदार ओळ लसिकाग्रंथींची (लिम्फ नोड्सची). ओटीपोटातल्या ग्रंथी स्वच्छ असतील तर पाच वर्षांनंतर सुमारे ९० टक्के स्त्रिया हयात असतात. ग्रंथींत रोग पोचला असेल तर हे प्रमाण साधारण ५० ते ६५ टक्क्यांवर येते. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २०१८ च्या वर्गीकरणात म्हणूनच, मूळ गाठ कितीही लहान असो, ग्रंथींत रोग दिसला की अवस्था तिसरी धरतात. ग्रंथींत, कापलेल्या कडेला किंवा गर्भाशयालगतच्या ऊतींत रोग असेल तर शेकासोबत सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध देतात. गाठीचा आकार, तिची खोली आणि रक्त-लसिका वाहिन्यांत शिरलेल्या कर्कपेशी यांतले काही एकत्र आले तर शेक सुचवतात. पेशींचा प्रकारही महत्त्वाचा; चेताअंतःस्रावी (न्यूरोएंडोक्राइन) प्रकार विरळा, पण फार आक्रमक.

शस्त्रक्रियेची पद्धतही निकाल बदलते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर साडेचार वर्षांनी ९६.५ टक्के, तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर ८६ टक्के स्त्रिया रोगमुक्त होत्या. याहून वाईट प्रकार म्हणजे अंगावरून पांढरे जाते म्हणून, पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) किंवा बायोप्सी न करताच, गर्भाशयाची पिशवी काढून टाकणे. आत कर्करोग होता हे मागाहून कळते, तोवर योग्य शस्त्रक्रियेची संधी हुकलेली असते. पिशवी काढण्याआधी तपासणीचा कागद मागणे हा प्रत्येक बाईचा हक्क आहे.

सोलापूर जिल्ह्याने या विषयात मोलाची भर घातली आहे. बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्यात बार्शीसोबत भूम आणि परांडा तालुक्यांतली गावे होती. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव लक्षणे समजावत फिरले. त्यानंतर लवकरच्या अवस्थेत येणाऱ्या स्त्रिया वाढल्या आणि जगण्याचे प्रमाणही सुधारले. महागडे यंत्र नव्हे, तर घराच्या ओट्यावर बसून केलेल्या बोलण्याने हे साधले, याचे महत्त्व आजही कमी झालेले नाही. शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून सुमारे १,३१,००० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात एचपीव्ही या, हा रोग घडवणाऱ्या विषाणूच्या एकाच चाचणीने या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले.

शस्त्रक्रियेनंतरचा शेक आठवड्यातून पाच दिवस, सुमारे पाच आठवडे चालतो. सोलापुरात विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजारी विड्यांवर ठरते. दवाखान्यात गेलेल्या दिवसाचे पैसे बुडतात. टाके सुकले, चालता येऊ लागले की ‘आता बरी झाले’ म्हणून शेक अर्धवट सुटतो. शेक खंडित झाला की त्याचा परिणाम घटतो. रक्त कमी असणे, तंबाखू-मिश्री आणि उपचार न घेतलेला एचआयव्ही यांनीही प्रकृती मागे खेचली जाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. बुडालेली मजुरी मात्र घरानेच सोसायची असते.

रोग उलटला तर बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत. त्यामुळे पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढे पाचव्या वर्षापर्यंत सहा ते बारा महिन्यांनी तपासणी लागते. मधल्या काळात पुन्हा अंगावरून लाल गेले, एकच पाय सुजला किंवा कंबरेपासून मांडीत उतरणारी कळ थांबेना, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठावा.