मानेत नस दबते तेव्हा आणि मज्जारज्जू दबतो तेव्हा

मानेतून हातात कळ उतरली की आपण 'नस दबलीय' म्हणतो. बहुतेकदा ते खरंही असतं आणि पुष्कळांची कळ शस्त्रक्रियेविना ओसरते. त्याच जागी मज्जारज्जूही दाबला जात असेल तर मात्र प्रकरण वेगळं. बटणं लावताना बोटं अडखळतात, चालताना तोल जातो, पण दुखत फारसं नाही, म्हणून दुर्लक्ष होतं. डॉक्टर मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारतात. अंगठा आपसूक आत वळला की संशय बळावतो.

१९२८ मध्ये अमेरिकेत बायरन स्टूकी यांनी या दाबाचं वर्णन केलं, पण तो त्यांना कूर्चेच्या गाठीचा वाटला. १९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार यांनी दाखवून दिलं की अशा 'गाठी' बऱ्याचदा मणक्यांमधली फाटून सरकलेली गादीच असते. पुढे १९५२ मध्ये रसेल ब्रेन आणि सहकाऱ्यांनी मानेच्या झिजेचं चित्र तपशिलात मांडलं.

शस्त्रक्रिया तेव्हा मागून व्हायची: मणक्यांच्या कमानी काढून टाकायच्या. पण दाब अनेकदा पुढून असतो, शिवाय कमानी गेल्यावर काहींची मान पुढे वाकायची. १९५८ मध्ये स्मिथ-रॉबिन्सन आणि क्लॉवर्ड यांनी गळ्याच्या बाजूने, पुढून गादी काढायची पद्धत प्रसिद्ध केली. जपानमध्ये मणक्यांमागचा अस्थिबंध, म्हणजे मणके बांधून ठेवणारा पट्टा, हाडासारखा कडक होण्याचा आजार बराच आढळतो. तिथे हिराबायाशी यांनी १९७० च्या दशकात कमान न काढता दारासारखी एका बाजूने उघडली.

कसं करायचं हे असं सुटत गेलं. कधी करायचं यावरचा वाद जुनाच. १९५६ मध्ये क्लार्क आणि रॉबिन्सन यांना बहुतेक रुग्ण टप्प्याटप्प्याने खालावताना दिसले, तर १९६३ मध्ये लीस आणि टर्नर यांना अनेकजण वर्षानुवर्षं स्थिर. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोमध्ये सौम्य आणि मध्यम त्रासाच्या रुग्णांची चाचणी झाली. २००२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत तीन वर्षांनंतरही शस्त्रक्रियेचा ठळक फायदा दिसला नाही. चाचणी लहान होती, त्यामुळे तिच्यावर फार भार टाकू नये. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते तिथलंच दुसरं निरीक्षण: एमआरआयवर मज्जारज्जू दबलेला, इतर लक्षणं नाहीत, पण हातात नसेची कळ आहे, अशांना पुढे मज्जारज्जूचा त्रास होण्याचा धोका जास्त.

२०१७ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत ते उतरलं. मध्यम आणि तीव्र त्रासाला शस्त्रक्रिया. सौम्य असेल तर शस्त्रक्रिया किंवा देखरेखीखाली व्यायाम. मज्जारज्जू दबलेला दिसतो पण त्रास फक्त हातातल्या कळेचा, अशांना धोका समजावून शस्त्रक्रिया किंवा वेळोवेळी तपासणी यांतला पर्याय द्यायचा. एमआरआयवर दाब दिसतो पण त्रास काहीच नाही, अशांवर खबरदारी म्हणून शस्त्रक्रिया करायची नाही.