केळीच्या भावाचं पान कुठे तयार व्हावं?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात केळीची बाग कापणीला आली की शेतकऱ्याला एकच आकडा हवा असतो: आज क्विंटलला काय भाव? नवतीचा (नव्या लागवडीचा) किती, पिलबागेचा (जुन्या झाडाच्या पिलांवर वाढवलेल्या बागेचा) किती? हा आकडा मोबाइलवर दाखवणारं वेब अ‍ॅप करायचं म्हटलं की पहिला वाद प्रोग्रॅमिंगच्या भाषेवरून होतो. पीएचपी, पायथन, जावा की नोड? माझ्या मते त्याआधीचा प्रश्न मोठा आहे. भावाचं वेब पान तयार कुठे होणार, सर्व्हरवर (म्हणजे माहिती पुरवणाऱ्या दूरच्या संगणकावर) की शेतकऱ्याच्या फोनमध्ये?

सातपुड्याच्या पायथ्याच्या शेतात रेंज एक-दोन काड्यांवर आली की हा फरक डोळ्यांना दिसतो. पत्ता टाकल्यावर फोन आधी सर्व्हरचा आयपी क्रमांक (इंटरनेटवरचा आकडी पत्ता) शोधतो, मग टीसीपी जोडणी, म्हणजे सर्व्हरशी संपर्क करतो, मग एचटीटीपीएससाठी, म्हणजे मजकूर गुप्त ठेवण्यासाठी किल्ल्या ठरतात, आणि त्यानंतर खरी मागणी जाते. प्रत्येक टप्प्याला एक जा-ये. नव्या जोडणीवर सर्व्हर पहिल्या खेपेत साधारण १० पॅकेट (माहितीचे छोटे गठ्ठे), म्हणजे १४ केबीच्या आसपास पाठवतो आणि पोच मिळाल्यावरच पुढचं सोडतो. भावाचा तक्ता एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेब पानाच्या मांडणीच्या भाषेत, तयार करून दिला तर तो या एका खेपेत आरामात बसतो. रिअ‍ॅक्ट ही जावास्क्रिप्टची लायब्ररी (आयत्या कोडचा संच) वापरून फोनमध्येच पान रचायचं ठरवलं, तर नुसती ती लायब्ररी दाबून लहान केल्यावरही ४० केबीच्या वर जाते. ती उतरायची, फोनने चालवायची आणि मग भाव आणायला पुन्हा सर्व्हरकडे जायचं. तोवर स्क्रीन कोरी. स्वस्तातल्या जुन्या फोनवर ही वाट पाहणं फार जीवावर येतं.

म्हणून अशा कामाला सर्व्हरवरच पान बनवावं. आता भाषा निवडू.

रासमस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये खुली केलेली पीएचपी प्रत्येक मागणी कोऱ्या पाटीवर सुरू करते आणि काम झालं की सगळं पुसून टाकते. एका मागणीत चूक झाली तरी शेजारची मागणी सुखरूप राहते. होस्टिंग स्वस्त आणि कुठेही मिळतं. २००९ चं नोड, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवायची सोय, वेगळ्या स्वभावाचं: मुख्य धागा, म्हणजे कामांची रांग, एकच. डेटाबेसचं उत्तर येईपर्यंत तो रिकामा बसत नाही, दुसऱ्यांच्या मागण्या हाताळतो. पण त्याच धाग्यावर जड हिशेब लावला, की मागचे सगळे खोळंबले.

पायथनमधला जँगो हा वेब अ‍ॅपचा आयता सांगाडा अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत घडला आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. बातमीदारांच्या घाईत जन्मल्यामुळे नोंदी भरायचं अ‍ॅडमिन पान त्यात आयतं मिळतं. भाव भरणाऱ्या कारकुनासाठी वेगळा फॉर्म लिहायची गरज पडत नाही. शिवाय कुणी रकान्यात चोरून स्क्रिप्ट घातली तर जँगोचं टेम्प्लेट (पानाचा साचा) ती आपोआप निष्प्रभ करतं. साध्या पीएचपीत ते प्रत्येक ठिकाणी आठवणीने करावं लागतं. एवढ्या एका कारणासाठीही नवशिक्या टीमने जँगो घ्यावा असं मी आग्रहाने सांगेन. जावा बँकेसारख्या मोठ्या, दीर्घकाळ चालणाऱ्या कामांना उत्तम. इथे तिचा पसारा जास्त होतो.

आणि मुख्य गोष्ट अशी, की भाव दिवसातून एकदाच बदलणार असेल, तर प्रत्येक मागणीला पान नव्याने बनवायचंच कशाला? भाव भरला की एकदा पान तयार करून कॅशमध्ये, म्हणजे तयार प्रतींच्या साठ्यात ठेवायचं आणि दिवसभर तेच वाटायचं. मग हजारो लोक एकदम आले तरी पायथन की पीएचपी, हा प्रश्नच उरत नाही, कारण त्या भाषेतल्या कोडपर्यंत मागणी पोचतच नाही. तालुका बदलल्यावर फक्त तक्ता बदलायचा असेल, तर एचटीएमएक्ससारखी छोटी लायब्ररी सर्व्हरकडून एचटीएमएलचा तेवढाच तुकडा आणून जागेवर बसवते.

फोनमधल्या जावास्क्रिप्टचं खरं काम वेगळंच आहे. बागेत उभं राहून करपा हा पानांवरचा रोग कुठल्या ओळीत दिसला याची नोंद करायची आणि तिथे रेंजच नाही, अशा वेळी सर्व्हर काहीच करू शकत नाही. तिथे सर्व्हिस वर्करने (ब्राउझरमध्ये मागे चालणाऱ्या जावास्क्रिप्टने) फॉर्म उघडून द्यावा, नोंद फोनच्याच डेटाबेसमध्ये ठेवावी आणि नेटवर्क मिळालं की वर पाठवावी.