उजेडातून मिलिव्होल्ट: पटलाचे विभवांतर मोजणाऱ्या रंगद्रव्यांची पार्श्वभूमी

प्रतिदीप्त, म्हणजे प्रकाश पडला की स्वतः चमकणारे, रंगद्रव्य टाकले, उजेड कमी झाला, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाच्या, म्हणजे पटलाच्या, आतली बाजू ऋण झाली. आज हे वाक्य शोधनिबंधांत सहज येते. पण रंगद्रव्य आपल्या हाती फक्त उजेड देते, व्होल्ट देत नाही. त्या उजेडाचा हिशेब मिलिव्होल्टमध्ये कसा करायचा, हे ठरवणाऱ्या कामाची आठवण मात्र क्वचितच निघते. मला या इतिहासातला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

मोजायचे काय, ते आधी पाहू. मेदाचे, म्हणजे लिपिडचे, पटल जेमतेम 4 ते 5 नॅनोमीटर जाडीचे. त्याच्या दोन बाजूंमध्ये 70 मिलिव्होल्टचा विद्युतदाबाचा फरक, म्हणजे विभवांतर, असला, तर आतले विद्युतक्षेत्र सेंटिमीटरमागे लाखभर व्होल्टच्या वर जाते. हॉजकिन आणि हक्स्ली यांनी 1939 मध्ये हा फरक थेट मोजला, कारण त्यांच्यासमोर स्क्विडचा, म्हणजे म्हाकूलच्या जातीच्या प्राण्याचा, सुमारे अर्धा मिलिमीटर जाड चेतातंतू होता. त्यात इलेक्ट्रोड सरकवता येत होता. लिंग आणि जेरार्ड यांनी 1949 मध्ये काचेचे अतिसूक्ष्म टोकाचे इलेक्ट्रोड वापरात आणले आणि स्नायूपेशीही आवाक्यात आल्या.

पण माणसाची तांबडी पेशी 7-8 मायक्रोमीटरची. पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया त्याहून कितीतरी लहान. त्यांना टोचायचे कसे? पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये मांडले, की मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलावरचा प्रोटॉनचा चढ, म्हणजे दोन बाजूंमधला प्रोटॉनचा फरक, हाच एटीपी हा ऊर्जावाहक रेणू बनवण्यामागचा जोर आहे. त्या चढात विभवांतराचाही वाटा होता. त्यामुळे जिथे सुई पोचत नाही तिथले विभवांतर मोजण्याची निकड वाढली.

वाट उघडली ती पुन्हा चेतातंतूंवरच. 1968 मध्ये कोहेन, कीन्स आणि हिल यांनी दाखवले, की संदेश जाताना चेतातंतूचे प्रकाशीय गुणधर्म किंचित बदलतात. त्याच वर्षी तासाकी आणि सहकाऱ्यांनी रंगवलेल्या चेतातंतूंच्या प्रतिदीप्तीत बदल नोंदवला. मग योग्य रंगद्रव्याचा शोध सुरू झाला. सायनीन आणि मेरोसायनीन हे त्यातले महत्त्वाचे गट फोटोग्राफीच्या जगात आधीच ओळखीचे होते. फिल्मला हिरवा-तांबडा प्रकाश टिपता यावा म्हणून अशी रंगद्रव्ये वापरली जात. 1973 मध्ये मेरोसायनीन 540 ने जळूच्या एकेका चेतापेशीचे संदेश इलेक्ट्रोडविना दिसले. बदल हजारात एक भाग इतका बारीक होता, शिवाय प्रकाशात हे रंगद्रव्य पेशींना इजाही करी. कोहेन यांच्या गटाने पुढे हजाराहून अधिक रंगद्रव्ये तपासली. अशा चिकाटीचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

तरी उजेड किती हलला म्हणजे किती मिलिव्होल्ट, हा प्रश्न उरलाच होता. 1974 मध्ये जोसेफ हॉफमन आणि फिलिप लॅरिस यांनी त्याला फार देखणे उत्तर दिले. त्यांनी तांबड्या पेशींत सायनीन रंगद्रव्य घातले आणि सोबत व्हॅलिनोमायसिन वापरले. व्हॅलिनोमायसिन पोटॅशियमला पटलापार नेते, त्यामुळे पटलाचे विभवांतर पोटॅशियमच्या समतोल विभवाकडे, म्हणजे पोटॅशियमची ये-जा सारखी होते त्या मूल्याकडे, ओढले जाते. बाहेरचे पोटॅशियम कमी-जास्त करत गेले, की एक पातळी अशी येते जिथे व्हॅलिनोमायसिन टाकूनही उजेड हलत नाही. म्हणजे पेशीचे मूळ विभवांतर तेच होते. आतल्या-बाहेरच्या पोटॅशियमवरून नर्न्स्टच्या समीकरणाने आकडा काढायचा. माणसाच्या तांबड्या पेशीसाठी तो उणे 9 मिलिव्होल्टच्या आसपास आला.

या आकड्यावर विश्वास का ठेवायचा? त्यासाठी त्यांनी अँफियुमा या ईलसारख्या दिसणाऱ्या उभयचराच्या तांबड्या पेशीही तपासल्या. त्या इतक्या मोठ्या असतात, की त्यांत सूक्ष्म इलेक्ट्रोड घालता येतो. तिथे उजेडाचा हिशेब सुईच्या मापाशी ताडून पाहता आला, आणि जुळला.

त्याच वर्षी सिम्स, वॅगनर, वँग आणि हॉफमन यांनी यामागची यंत्रणा उलगडली. धनभारित रंगद्रव्य ऋण झालेल्या आतल्या बाजूकडे खेचले जाते, तिथे दाटी होऊन त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि चमक विझते. फॉस्फॅटिडिलकोलीन या लिपिडच्या नुसत्या पिशव्यांमध्येही त्यांना हेच दिसले. बँगहॅम यांच्या 1960 च्या दशकातल्या कामापासून अशा लिपिड-पिशव्या, म्हणजे लायपोसोम, प्रयोगशाळांत रुळल्या होत्या. त्यांत एकही प्रथिन नव्हते. म्हणजे चमक विझायला लिपिडचे पटल आणि विभवांतर एवढे पुरेसे होते. आजही लायपोसोमवर मापन बसवताना तीच रीत चालते: आत 100 मिलिमोलर पोटॅशियम, बाहेर 1, वर व्हॅलिनोमायसिन. 25 अंश सेल्सिअसला विभवांतर सुमारे उणे 118 मिलिव्होल्ट. दहापट फरकामागे 59, हा तो हिशेब.

ही रंगद्रव्ये सेकंदांच्या गतीने चालतात. चेतासंदेशासाठी वेग हवा होता. तो पटलात रुतून बसणाऱ्या आणि विद्युतक्षेत्राने ज्यांचा वर्णपट सरकतो अशा रेणूंनी दिला. लेस्ली लोव यांच्या गटाने 1979 मध्ये या यंत्रणेचा पुरावा दिला आणि 1980 च्या दशकात डाय-4-अनेप्स आले. त्याचा बदल 100 मिलिव्होल्टमागे दहा टक्क्यांच्या आसपास असतो.

पण पटलात रुतलेल्या रेणूला तिथले सगळेच क्षेत्र जाणवते. लिपिडच्या डोक्यांची आणि त्यांना लगटलेल्या पाण्याची मांडणी पटलाच्या आत शेकडो मिलिव्होल्टचा द्विध्रुवी विभव उभा करते. दोन्ही बाजूंच्या द्रावणांतल्या इलेक्ट्रोडना तो दिसत नाही, रंगद्रव्याला मात्र दिसतो. 1994 मध्ये लोव यांच्याच गटाने दोन तरंगलांबींवरच्या चमकेचे गुणोत्तर घेऊन हा विभव अभ्यासला. म्हणूनच लिपिडचे मिश्रण बदलले, कोलेस्टेरॉल वाढवले, की उजेडावरून मिलिव्होल्ट सांगणारा जुना आलेख चालत नाही. पोटॅशियम आणि व्हॅलिनोमायसिन घेऊन तो नव्याने काढावा लागतो.