सरकारी कार्यालयात अन्याय झाला, तर तक्रार कुठे आणि कशी? (ठाणे, नवी मुंबई)

कागद न बघताच परत पाठवणे, कारण न सांगता फाइल अडवणे, अपमान करणे हे निमूट सोसायचे कारण नाही. आधी कार्यालयप्रमुखांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. अर्ज घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. पुढची सगळी भिस्त या पोचेवर आहे.

हद्दही तपासा. ऐरोली ते बेलापूर हा भाग नवी मुंबई महापालिकेत आणि ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली मात्र पनवेल महापालिकेत, म्हणजे रायगड जिल्ह्यात. खारघरची तक्रार ठाण्यात देऊन हकनाक वेळ जातो.

दाखला, नोंद किंवा परवाना रखडला असेल तर २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा वापरा. माझ्या मते सामान्य माणसाच्या हातातले हे सर्वांत धारदार साधन आहे, आणि तेच सर्वांत कमी वापरले जाते. सेवा अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली सरकारने जाहीर केलेली हवी. तिची मुदत आणि अपील अधिकाऱ्याचे नाव कार्यालयाच्या फलकावर असायला हवे. अर्ज फेटाळताना लेखी कारण देणे बंधनकारक आहे. मुदत उलटली किंवा नकार आला, की ३० दिवसांत प्रथम अपील करा. तिथे न्याय मिळाला नाही तर द्वितीय अपील, आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. सोबत मूळ अर्जाची पोच आणि नकाराचे पत्र जोडा.

इतर वैयक्तिक गाऱ्हाण्यांसाठी लोकशाही दिन आहे. जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्त महिन्याच्या पहिल्या सोमवारी तक्रारी ऐकतात, पण विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. न्यायालयात चाललेली प्रकरणे इथे घेत नाहीत.

मारहाण, कोठडीतला छळ असा गंभीर प्रकार असेल तर राज्य मानवी हक्क आयोगाकडे जा. आयोगाचे कार्यालय मुंबईत, सीएसएमटीजवळ आहे. शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही, मराठीत लिहिले तरी चालते. पीडिताच्या वतीने दुसरी व्यक्तीही तक्रार करू शकते. घटनेची तारीख, ठिकाण, अधिकाऱ्याचे पद, साक्षीदार स्पष्ट लिहा. वैद्यकीय कागद आणि फोटो असतील तर जोडा. घटनेला एक वर्ष उलटल्यावर आयोग चौकशी करू शकत नाही, म्हणून जखमा भरेपर्यंत थांबू नका.