सात वर्षांचे इशारे, तीस दिवसांचं काम

अमेरिकेत संवेदनशील सरकारी पदावर जायचं असेल, तर 'एसएफ-८६' नावाचा १२७ पानी अर्ज भरावा लागे. कुठे कुठे राहिलात, परदेशात ओळखी कुणाशी, कर्ज किती, व्यसन कसलं, मानसिक उपचार घेतलेत का, सगळं त्यात लिहायचं. हे अर्ज ओपीएम, म्हणजे सरकारी नोकरांच्या नोंदी ठेवणारं खातं, सांभाळत असे. २०१५ मध्ये उघड झालं, की उमेदवारांच्या या पार्श्वभूमी-चौकशीच्या नोंदींमधून २ कोटी १५ लाख लोकांची माहिती चोरीला गेली होती. ५६ लाख जणांच्या बोटांचे ठसेसुद्धा गेले. पासवर्ड बदलता येतो, बोटं कशी बदलणार?

चोरांपेक्षा मला जास्त अस्वस्थ करतात ते आधीचे लेखापरीक्षण अहवाल. खात्याचे महानिरीक्षक, म्हणजे खात्याच्याच कारभाराची तपासणी करणारे अधिकारी, २००७ पासून गंभीर त्रुटी दाखवत होते. नोव्हेंबर २०१४ च्या अहवालात तर स्पष्ट लिहिलं होतं, की ४७ प्रमुख संगणक-यंत्रणांपैकी ११ वैध परवानगीविना चालू आहेत. ही परवानगी म्हणजे गाडीच्या फिटनेस सर्टिफिकेटसारखी गोष्ट. यंत्रणा तपासायची, उरलेला धोका लिहून काढायचा आणि 'हा धोका मी पत्करतो' अशी एका अधिकाऱ्याने सही करायची. ती सहीच नसेल, तर जाब कुणाला विचारायचा? आपल्याकडे सर्व्हर आणि डेटाबेस किती, याची पूर्ण यादीही खात्याकडे नव्हती. जे आहे हेच ठाऊक नाही, त्याची राखण होत नाही. परवानगी नसलेल्या यंत्रणा बंद करण्याचा विचार करा, असं महानिरीक्षकांनी सुचवलं. त्या चालूच राहिल्या. चौकशीचे अर्ज तोवर गेलेच होते. पण ४२ लाख नोकरांच्या नोंदी गेल्या त्या डिसेंबरमध्ये, अहवाल हातात पडल्यानंतर.

चोर आत आले ते एका कंत्राटदाराचं लॉगिन वापरून. खरी किल्ली हाती असलेल्याला माहितीचं सांकेतिकीकरण (एन्क्रिप्शन) केलेलं असलं, तरी ते अडवत नाही, कारण यंत्रणा त्याला आपलाच माणूस समजून सगळं उलगडून दाखवते. इथे उपयोगी पडते दुहेरी ओळख: पासवर्ड चोरला, तरी खिशातलं चिपचं ओळखपत्र चोराकडे नसतं. त्या ४७ पैकी एकाही यंत्रणेत ते ओळखपत्र सक्तीचं नव्हतं.

घटनेनंतर सुरक्षेतल्या अशा त्रुटी दूर करायला सर्व केंद्रीय खात्यांना ३० दिवसांची मुदत मिळाली. नागरी खात्यांत पक्क्या ओळख-तपासणीचं प्रमाण ४२ वरून ७२ टक्क्यांवर गेलं.